बुधवारची भाकर

माय,

काल पोस्टमन पुस्तक देऊन गेला. पुस्तकाचे दोनशे ऐंशी, टपालाचे पन्नास, आणि जुनी वाचक म्हणून मला वीस रुपयांची सूट. एकूण तीनशे दहा. त्यात अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तू आहेस. दीड पान. माझंच लिहिलेलं मीच विकत घेतलं, कारण पुस्तकवाल्या बाईंनी खरंच छापलं की नुसतं म्हणत होत्या ते मला बघायचं होतं. छापलं. वर मथळा दिला आहे, ‘खोट्या उपासाची आई’. खाली माझं नाव नाही, ‘वर्ध्याकडच्या एक वाचक ताई’ एवढंच. घरात नवीन वस्तू आली म्हणून आल्याआल्या देवाजवळ ठेवलं होतं, हळदकुंकू लावायला. मथळा वाचला आणि तिथून उचलून तुरीच्या डब्यावर टाकलं.

तुला सुरुवातीपासून सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा गावात फोन एकट्या पोस्टात होता. आता लिहिणारे लोक फोनवरच लिहितात आणि वाचणारे तिथंच खाली उत्तर देतात. त्याला ब्लॉग म्हणतात. या बाई दर रविवारी जुन्या घरांबद्दल, सणावारांबद्दल लिहितात, आणि शेवटी एक प्रश्न ठेवतात. ‘तुमच्याकडे काय होतं? मोकळेपणानं लिहा, हे आपलं अंगण आहे.’ अंगण हा शब्द मला आवडला, माय. लग्न होऊन अल्लीपूरला आले त्याला पस्तीस वर्षं झाली, पण ‘तुला काय वाटतं’ असं मला या घरात कोणी विचारल्याचं आठवत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढाच प्रश्न इथं होतो, आणि तोही मीच विचारते. मी भीतभीत लोणच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. दहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं, ‘वा ताई, अजून सांगा ना!’ मी अजून सांगितलं. मग दर रविवारी कणिक मळायच्या आधी फोन बघायचा आणि मळून झाल्यावर पुन्हा बघायचा. फोनच्या काचेवर कायम पिठाची बोटं. मग एका रविवारी त्यांनी विचारलं, तुमच्या आईची अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्ही आजवर कोणालाच सांगितली नाही?

आणि मी सांगितली.

बाबा गेल्यानंतरची गोष्ट. गावचा बाजार गुरुवारचा. तू वांगी आणि सांभाराच्या हिरव्या जुड्या घेऊन बसायचीस, त्याच पैशात आठवड्याची ज्वारी यायची, आणि बुधवारी पिठाचा डबा तळाला लागायचा. बुधवारी तुझा उपास. सकाळीच कपाळभर बुक्का लावायचीस, दिवा लावायचीस, आणि शेजारची काकू आली की म्हणायचीस, ‘आज बुधवार आहे न माझा, विठ्ठलाचा.’ काकू कधी कधी साबुदाण्याची उसळ आणून द्यायची, ती तू आम्हाला दोघा भावंडांना वाढायचीस. सगळ्या आळीत तुझ्याएवढी देवभोळी बाई नव्हती. मग एकदा एका लग्नघरानं मंगळवारीच सगळी वांगी उचलली, ज्वारी दोन दिवस आधी आली. दुसऱ्या दिवशी मी अंगात ताप घेऊन शाळेतून लवकर घरी येते, तर तू चुलीजवळ पाठमोरी बसून भाकर खाते आहेस. ठेच्यासोबत, घाईघाईनं. मी म्हणते, ‘माय, आज तं बुधवार!’ तू दचकत नाहीस. पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरतेस. ‘विठ्ठलाले माहीत आहे. तू कोणाले सांगजो नको. तुह्या भावाले तं मुळीच नाई. माय देवाची आहे म्हटलं की पोरगं पोटभर खाते. माय उपाशी आहे म्हटलं तर घास उतरन का त्याच्या गळ्याखाली?’

एवढं सगळं मी त्या अंगणात लिहिलं. बाईंनी ते सगळ्यांच्या वर टाचून ठेवलं आणि नवा प्रश्न घातला, ‘ही भक्ती की फसवणूक? तुम्ही कोणत्या बाजूला?’ मग चार दिवस लोक तुझ्यावर तुटून पडले. एकीनं लिहिलं, देवाच्या नावानं खोटं बोलणं पापच. दुसऱ्यानं लिहिलं, असल्या बायकांमुळेच बायका उपाशी राहतात. एकजण म्हणाला, वांगी विकण्याऐवजी घरी खाल्ली असती तर? त्याला सात जणांनी हसून दाखवलं. वांगी खाऊन मीठमिरची कुठून आणायची, ते त्या शहाण्याला सांगायला मी बोट उचललं आणि खाली ठेवलं. माझी माय काय निवडणुकीला उभी होती? भांडण जरा थंडावलं की बाई यायच्या, ‘दुसरी बाजूही ऐकू या का?’ म्हणून एक काडी टाकायच्या आणि निघून जायच्या. मी मागचे सगळे रविवार पुन्हा वाचून काढले. इतक्या लोकांना आईबद्दल विचारणाऱ्या या बाईनं स्वतःच्या आईबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. एकही नाही. लोकांच्या घरातली झाकलेली भांडी उघडायची, आणि आपल्या स्वयंपाकघराला कडी.

मी त्यांना वेगळं लिहिलं, की बाई, चूक झाली, काढून टाका, माझ्या मायचं आहे ते. यावेळी उत्तराला दहा मिनिटं नाही, दोन दिवस लागले. ‘ताई, तुमच्या भावना मला समजतात. पण चर्चा इतकी सुंदर रंगली आहे, आता काढणं वाचकांवर अन्याय होईल. आणि आनंदाची बातमी, हे आपण पुस्तकात घेतोय!’ पुढे दोन फुलं. मला त्या फुलांचा इतका राग आला, माय, की मी फोन पालथा ठेवला आणि अंगणातली तुळस सोडून सगळी झाडं उपटावी असं वाटलं.

तोवर व्हायचं ते झालं होतं. भावाची मुलगी कॉलेजात शिकते, तीही हे वाचते. तिनं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘बाबा, ही तर आपल्या आजीसारखी आहे.’ तुला माहीत नाही, तू गेल्यापासून तो दर बुधवारी उपास करत आला. तुझा म्हणून. पाणी पिण्याआधी तुझ्या फोटोला हात जोडायचा. त्याचा फोन आला. म्हणाला, ‘ताई, मी बुधवारी दोन भाकरी खायचो. तिसरी मागायचो. तुले माहीत होतं न? मले काऊन नाई थांबवलं?’

‘लहान होता रे तू.’

‘तू तं लहान नव्हती.’ मग म्हणाला, ‘अन् तू अर्धी भाकर ठेवत होती म्हणे मायसाठी. मले तं आठवत नाई.’ मी ओट्यावरचं पीठ पुसत राहिले. ‘तू ठेवत होती, माय उपाशी राहत होती, अन् खाणारा मी एकटाच! आता मी बुधवार नाई करून राह्यलो. कोणत्या तोंडानं करू?’ फोन ठेवला. राखीला आला नाही. मी राखी पोस्टानं पाठवली, पोचल्याचं कळवलं नाही.

आज बुधवार आहे. दुपारची भांडी झाली, मी हे लिहायला बसले ते त्या बाईला शिव्या द्यायला, आणि दिल्या. अजूनही राग आहे. पण अठ्ठ्याऐंशीव्या पानावर शेवटची ओळ आहे, ‘त्या दिवसापासून मी माझी अर्धी भाकर आईसाठी झाकून ठेवू लागले.’ लोकांना तीच सगळ्यात आवडली. ‘धन्य ती लेक’ असं कितीतरी जणांनी लिहिलं, आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ती ओळ बाईंनी घातलेली नाही. मी घातली. माय, मी एकाही बुधवारी भाकर ठेवली नाही. सगळं कळल्यावरही पूर्ण खायची. भूक लागायची. आणि आता माझं ते खोटं छापून आलं, म्हणून तुझा मुलगा तिकडे एकटाच खाणारा ठरला आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला लिहायला घेतानाच माहीत होतं. घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. त्याला फोन मीच करायचा आहे, तो तू करणार नाहीस. फक्त एक मला आधी समजलं पाहिजे. बुधवारी आम्हाला वाढून तू पाठमोरी बसायचीस, तेव्हा मी ताट पुसून खात असे, ते तुला दिसत होतं का? एवढं उलट टपाली कळवजो.