विहिरीवरचं गाणं

फिलोमावशी,

आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीसाठी विहिरीचं पाणी आणताना तू म्हणायचीस ते गाणं मी इथे सिडनीत आमच्या ऑपेराच्या अमेरिकन संगीतकाराला ऐकवलं होतं. जन्मभर मरणाचेच ऑपेरा लिहिलेला म्हातारा! त्याने ते दफनाच्या प्रवेशात घातलं, अगदी संथ करून. मी भांडले, "अरे, हे लग्नाचं आहे!" तो म्हणाला, "मला त्यात रडूच ऐकू येतं."

लॉकडाऊनमध्ये ऑपेरा रद्द झाला. तो न्यूयॉर्कला परतला आणि कोविडने गेला.

काल तूही गेलीस. विमानं बंद, म्हणून वसईतलं तुझं दफन मी मोबाइलवर पाहिलं. गायला कुणीच नव्हतं. तुझ्या नोएलने फोन शवपेटीजवळ धरला. मी तुझंच गाणं म्हटलं, त्या संगीतकाराच्या संथ लयीत.

म्हातारा बरोबर होता गं. आता ते मला कुठल्याच लग्नात म्हणता येणार नाही.

तुझी,
ग्लेनिस