मयतीच्या दिवशी नोंदलेली शून्य वीजमागणी

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
स्वच्छ ऊर्जा व वीजमागणी नियोजन कक्ष,
सोलापूर

विषय : भवानी पेठेतील माग-गल्लीचे रोहित्र न हलवणे व ‘वीजमागणी शून्य’ ही नोंद दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची नोटीस. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांपैकी तिघांची पोच आहे, उत्तर नाही; चौथ्यावर फेरपाहणीचे पत्र आले.

महोदय,

अर्जदार हारून शेखलाल मोमीन, वय ५२, टॉवेलचे सहा यंत्रमाग चालवतो. गल्लीत असे अडतीस माग असून सर्व एकाच रोहित्रावर, म्हणजे आमच्या डीपीवर, चालतात. ही डीपी येत्या सोमवारी काढून हमरस्त्यावरील वीजगाड्यांच्या चार्जिंग केंद्राला देणार असल्याची नोटीस आली आहे. कारण दिले आहे, ‘सदर भागात वीजमागणी आढळून आली नाही.’ हे वाचून अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तो नम्रपणेच लिहीत आहे.

मागणी का आढळली नाही, ते सांगणे भाग आहे. पुढील दहा वर्षांत शहराला किती वीज लागेल याची पाहणी करण्यास आपले कर्मचारी श्री. इंद्रजीत १२ फेब्रुवारीस आले, त्याच सकाळी दगडाबाई वारल्या होत्या. त्यांनी गल्लीच्या मागांना चाळीस वर्षे सुताच्या कांड्या भरून दिल्या. मयत कुणाच्याही घरची असो, ती उठेपर्यंत आमच्याकडे एकही माग चालत नाही. माग चालू आहेत का, असे श्री. इंद्रजीत यांनी विचारले. अर्जदार तिरडीचे बांबू आणण्याच्या गडबडीत होता. तो म्हणाला, “आज एक बी चालू न्हाय, सायेब.” त्यांनी फॉर्म पुढे केला आणि अर्जदाराने न वाचता सही ठोकली. चूक त्याचीच. त्याची पत्नी शमशाद त्याला ते रोज ऐकवते, आपणही ऐकवावे. पण शिक्षा अडतीस मागांना का, हे कळत नाही.

तेव्हापासून अर्जदार कक्षाचे उंबरठे झिजवत आहे. वीजबिले दाखवली, तर सांगण्यात आले की बिल हा मागचा वापर झाला, आराखडा पुढचा आहे. छतावर सौर पॅनेल मागितले, तर मागणी शून्य म्हणून पॅनेलही शून्य मंजूर झाले. त्यात भर म्हणून कक्षाचे पत्रक घरी आले, ‘दिवसा सौर वीज मुबलक असते, वापर दिवसा करावा.’ साहेब, आमचे माग सकाळी आठला सुरू होतात आणि दिवेलागणीला बंद होतात. आपण ज्या गिऱ्हाइकाच्या शोधात आहात, त्यालाच आपण यादीतून काढले आहे.

अखेर फेरपाहणी मंजूर झाली. उद्या, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. ती एकदाच होईल व त्या वेळी दिसेल तेच अंतिम धरले जाईल, असे पत्रात आहे.

आता खरी अडचण. शेजारचे धोंडप्पा, वय ८१, ज्यांच्या हाताखाली अर्जदार माग शिकला, ते अखेरच्या घटका मोजत आहेत. डॉक्टरांनी हात टेकले. काल त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितले, “मी गेलो तर जाऊ द्या की. पण बेस्तरवारी माग बंद करू नगा. डीपी गेली तर तुमी समदे खानार काय?” सगळ्यांनी माना हलवल्या. अर्जदारानेही हलवली. आज पहाटे उठून तो हा अर्ज लिहायला बसला.

म्हणून विनंती एकच आहे. उद्याची वाट न पाहता फेरपाहणीस आजच, जमल्यास तासाभरात, माणूस पाठवावा. सर्व माग चालू आहेत आणि धोंडप्पा अजून बोलत आहेत.

पाचव्यांदा विनंती करणारा,
आपला नम्र,
हारून शेखलाल मोमीन
दि. ८ एप्रिल २०२६

सोबत : १) बारा महिन्यांची वीजबिले. २) दगडाबाईंच्या मृत्यूचा दाखला.

ता. क. : आवक खिडकीच्या रांगेत असताना शमशादचा फोन आला. धोंडप्पा गेले. त्यांची मुलगी राजेश्वरी बेळगावहून उद्या सकाळी पोचेल आणि माती दुपारी होईल. त्यांच्या शब्दाखातर गल्लीने माग चालूच ठेवले आहेत. उद्या अकरा वाजता आपल्या माणसाला ते बंद दिसतील. अर्जदार ते बंद करायला निघाला आहे.