मागुराचा काटा

शनिवार, दिवेलागण.

डॉक्टरीणबाईंनी घोट्याजवळून तांदळाच्या कणीएवढी कातडी काढून तपासायला पाठवली होती. आज म्हणाल्या, "बाबाजी, साखरेच्या बिमारीनं कातडीतल्या बारीक नसा झडल्या." जाळं वरून धड दिसतं अन् धागा आतून कुजलेला असतो, तसंच म्हणा.

मागच्या खेपेला त्यांनी डोळे मिटायला लावून तळपायाला टाचणी टेकवली होती. मी अंदाजानंच "टोचते, टोचते" म्हणत गेलो. काहून खोटं बोललो? तळ्यात उतरणं बंद होईल म्हणून. चिखलात दडलेला मासा मी जन्मभर तळपायानंच ओळखला.

पण तो काटा! परवा तळ्यात मागूर माशाचा विषारी काटा टाचेत रुतला. एरवी धट्टाकट्टा माणूस बोंबलत सुटतो. मी तसाच घरी आलो, ओसरीवर रक्ताचे ठसे. बायकोनं, पारबतानं विचारलं, "दुखून नाही राहिलं का तुमाले?"

"थोडंसं," म्हटलं. तेही खोटंच.

आज तिले सगळं सांगून टाकलं. वाटलं, भांडेल. ती माझा पाय मांडीवर घेऊन बसली. मागुराचा काटा जिथं रुतला होता, तिथून बोट फिरवत म्हणाली, "खरं सांगा, माहा हात लागते का?"

बोट फिरताना दिसत होतं.

"नाही लागत," मी म्हटलं.