सुंदरम्माचं ताट

२ डिसेंबर १९७४, सोमवार
आजपासून खाण्यावर ताबा. डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर निघाली. म्हणाले, बायको गेल्यापासून तुम्ही दुःखात खाताय. मी स्पष्ट सांगितलं, दुःख होतं तेव्हा मी रडतो. खातो ते भुकेने. दोन्ही एकाच वेळी होतं, हा योगायोग.
२२ तारखेला सुंदरम्माला जाऊन वर्ष होईल. तोवर दोन वेळचं मोजकं जेवण, मधे काही नाही. तिच्यासाठी एवढं करणारच.

३ डिसेंबर
उपाय पहिला. भूक आली की तांब्याभर पाणी. नुसतं पाणी बाधतं, म्हणून बरोबर गुळाचा खडा. संध्याकाळपर्यंत गुळाचा डबा निम्मा. दोष पाण्याचा. उद्यापासून पाणी बंद.

५ डिसेंबर
सुताच्या पेढीवर माझ्या शेजारी मायाप्पा बसतो. तो म्हणाला, फिरायला जावा की, ध्यान दुसरीकडं लागतंय. तलावाला फेरी मारली. ध्यान खरंच दुसरीकडे लागलं. भज्यांच्या गाड्याकडे. रस्ता चुकीचा निवडला, एवढंच. निर्धार शाबूत.

९ डिसेंबर
सासूबाई ईरम्मा वळसंगहून आल्या. वर्षाचं होईपर्यंत राहतील. त्यांना मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं, पण स्वयंपाक हाताच्या अंदाजाने करतात. सुंदरम्मा त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आमटीचा पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. त्यामुळे किती भाकरी झाल्या, दिसलं नाही.

१२ डिसेंबर
नवा उपाय, एकदम सायंटिफिक. फक्त कडक भाकरी खायची. चावून चावून जबडा दुखतो, माणूस आपोआप थांबतो.
जबडा दुखला नाही. शेंगाचटणी संपली तेव्हा थांबलो. म्हणजे थांबलो. उपाय लागू पडला असं धरायला हरकत नाही.

१५ डिसेंबर, रविवार
जाळीच्या कपाटाला कुलूप. किल्ली ईरम्मांच्या कमरेला. मीच बजावलं, मी मागितली तरी द्यायची नाही.
दुपारी कपाटात उंदीर खुडबुडल्यासारखं वाटलं, म्हणून किल्ली मागितली. म्हणाल्या, उंदीर न्हाय जावईबापू, तुमी हाय. मग स्वतःच उठून भाकरी वाढली. विचारलं, पोटात लई जळतंय का?
मी म्हणालो, घर फार गप्प असतं हो. खाताना निदान तोंडाचा आवाज तरी होतो.
असं का बोललो कोण जाणे. त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

२१ डिसेंबर
उद्या वर्ष. निर्धार पक्का. तिला ताट दाखवून होईपर्यंत अन्नाचा कणही नाही. ईरम्मांनी हुग्गीसाठी गहू सडून ठेवलेत. गव्हाची ही खीर म्हणजे सुंदरम्माचा जीव की प्राण. मी हे एवढं केलं की तिला बरं वाटेल. मलाही.

२२ डिसेंबर, रविवार, दुपारी
हुग्गी, शेंगापोळी, भरली वांगी, भात. सकाळपासून उपाशी, मन खंबीर. ईरम्मांनी ताट फोटोपुढे मांडलं. आमच्यात ताट ठेवलं की सगळ्यांनी बाहेर यायचं आणि दार लोटून घ्यायचं. गेलेलं माणूस येऊन जेवतं. मग दार उघडून आपण बसायचं. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. ईरम्मांनी डोळे मिटून जप धरला.
मला मांजराची शंका आली. मागच्या दाराने आत गेलो. मांजर नव्हतं. तरी राखण म्हणून ताटापाशी बसलो. सुंदरम्मा फोटोतून बघत होती. तिला म्हणालो, वर्षभर एकटा जेवतोय गं. कडेकडेने थोडी हुग्गी घेतली. तिच्याबरोबर, म्हणून.
मग परत कट्ट्यावर येऊन बसलो.

२२ डिसेंबर, संध्याकाळी
ईरम्मांनी दार उघडलं. ताट हाताने चाचपलं. पुन्हा चाचपलं. मी मान खाली घातली. आणि त्या मोठ्याने रडू लागल्या, आनंदाने. आली व्हती की माझी लेक! जेवून गेली! गल्लीतल्या बायकांना हाका मारून रिकामं ताट दाखवलं. बायकांनी हात जोडले. सांगणार होतो, पण एवढ्या बायकांसमोर कसं सांगायचं? आणि म्हातारीचा आनंद मोडणारा मी कोण?
दिवा लावल्यावर त्यांनी पुन्हा ताट चाचपलं. ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, एक शीत बी ठेवलं न्हाय वो. इतकी भूक? माजी पोरगी उपाशीच गेली व्हती का? जावईबापू, खरं सांगा, हितं पोटभर जेवत व्हती न्हवं?
व्हय म्हणालो. पोटभर.
सुंदरम्मा माझं जेवण झाल्यावर बसायची. भांड्यात काय उरायचं, ते मी कधी वाकून पाहिलं नाही. उरत असेल. उरतच असणार.