तिच्या वाटचा परिच्छेद

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. मीही आता मराठीच शिकवते, बोरी अरबच्या पलीकडच्या एका शाळेत. नियम तुमचाच चालवते. शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तकाबाहेरची एक गोष्ट, बाकाबाकानं एकेकाला एक परिच्छेद, मोठ्यानं. जो गैरहजर असेल त्याच्या वाटचा दुसऱ्यानं वाचायचा नाही. तेवढा वेळ सगळ्यांनी मनात वाचायचं, तुम्ही "हं, पुढे" म्हणेपर्यंत. एकदा मी उतावीळपणे शेजारच्या पोराचा वाचून टाकला, तर केवढ्या कडाडलात! वर्गात तुमचं बोलणं पुस्तकी, पण राग आला की वऱ्हाडी बाहेर पडायची. "त्याच्या वाटचं कायले उष्टं करून राह्यली वं?" मी बंजारा तांड्यावरची, घरी याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत बोलणारी. वाचलेलंही उष्टं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग कापूस वेचणीत माझी शाळा बुडाली. परत आले तर तुम्ही घरी बोलावलंत. तुम्ही भाकरी थापताय, मी चुलीपाशी दप्तर घेऊन उभी. तुम्ही वर न बघता म्हणता, "वाच. तुह्या वाटचा झाकून ठेवला होता." मी वाचला. तुम्ही भाकरी उलटत ऐकलात आणि गरम भाकरीवर तिखट-तेल घालून माझ्या हातावर ठेवलीत. आमच्या घराबाहेर माझ्यासाठी कोणी काही झाकून ठेवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मास्तरीण व्हायचं मी तिथंच ठरवलं.

यंदा नववीत एक पोरगी होती, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची, माझ्यासारखीच तांड्यावरची. हळू आवाजात, जरा नाकात वाचायची. पावसाळ्यात आईबरोबर शेतात निंदणाला गेली आणि पान लागलं. सापाचं नाव आपल्याकडे घेत नाहीत. यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतरचा शनिवार. गोष्ट अर्धी राहिली होती. पाळी तिच्या बाकाशी आली, मी "पुढे" म्हणायला तोंड उघडलं, आणि सगळा वर्ग गप्प झाला. माना खाली, बोटं ओळींवरून सरकताहेत. मग सगळ्यांनी एकदम पान उलटलं आणि पुढची पोरगी आपली आपण वाचू लागली. मी काही बोललेच नव्हते, बाई! तास संपल्यावर विचारलं, "काहून थांबले होते रे?" तिच्याजवळ बसणारी म्हणाली, "मॅडम, ती वाचून राह्यली होती न." इतकं साधं बोलली, जणू मीच बहिरी.

तेव्हापासून दर शनिवारी हेच. गावात बोभाटा झाला, पोरी शाळेच्या मोरीकडे एकट्या जाईनात. मुख्याध्यापकांनी बोलावलं. "मॅडम, हे भुताखेताचं बंद करा. कायले असल्या रडक्या गोष्टी निवडता? हसायची एखादी घ्या, अन् तिची पाळी पुढच्या पोरीले देऊन टाका." त्यांचंही चूक नाही. पण त्याच आठवड्यात तिची आई आली. वऱ्हांड्यातच उभी राहिली, आत येईना. "बाई, हजेरीतलं नाव काढलं तं काढा. पण तिची पाळी कोणाले देऊ नका. घरात तं तिचा आवाज कुठंच नाही राह्यला." मी तिचा हात धरून नुसती रडले.

मग मी विनोदी गोष्ट घेतली. म्हटलं, हसता हसता सुटेल. पाळी तिच्या बाकाशी आली, वर्ग पुन्हा तसाच गप्प. पंखा तेवढा किरकिरत होता. आणि त्या शांततेत सगळी पोरं एकाच क्षणी खो खो हसली. विनोद तिच्या परिच्छेदात होता.

उद्या शनिवार आहे. मुख्याध्यापक स्वतः येऊन मागे बसणार आहेत. उद्या पाळी पुढे गेलीच पाहिजे, असं त्यांनी बजावलंय. तुम्ही नियम शिकवलात, बाई, पण तो थांबवायचा कधी हे सांगितलं नाहीत, म्हणून तुमचा राग येतो. मुख्याध्यापकांना मी म्हटलं, पोरांना सवय झाली आहे, डोळ्यांनी वाचून हसली असतील. त्यांना ते पटलंही.

पण पाळी मी उद्याही कोणाला देणार नाही. का, ते फक्त तुम्हाला सांगते, आणि म्हणूनच हा कागद या घराबाहेर जायचा नाही. ती विनोदी गोष्ट मी घाईत, नुसतं नाव बघून निवडली होती. वाचलीच नव्हती, तुम्ही असता तर कान पिळला असता. झेरॉक्सची एक प्रत कमी पडली म्हणून माझी मी मागच्या बाकावर देऊन टाकली होती. माझे हात रिकामे होते, बाई. आणि पोरं हसली, त्याच क्षणी, त्याच वाक्याला मीही हसले.