बाबांचा पाय आणि देवाचं पाणी

आई गं,

तर तू फोन आपटलास म्हणून पत्र लिहितेय, हे तरी पूर्ण वाच. मी इथे सोफियात मजेत आहे. राजम्याचं सूप स्वतः करते, बरं जमतं.

सणाचं पाणी उकळून वापर म्हटलं, तर "देवाचं पाणी कुणी उकळतं का? उद्या पाद्रीलाही उकळशील!" म्हणालीस. हसले मी. पण क्रॉसच्या सणाला, पाद्री नदीत क्रॉस टाकतो तेव्हा, तू नदीतून भरलेल्या त्या पाण्यातलं थोडं मी लॅबमध्ये टेस्ट केलं. तू म्हणतेस तसं ते वर्षभर नासत नसेलही. पण त्यातल्या बॅक्टेरियांत औषधांना न जुमानण्याची ताकद देणारे अकरा जीन्स, म्हणजे जनुकं, सापडले. आणि तू जसं दह्याचं विरजण गल्लीभर वाटतेस, तसे ते हे जीन्स एकमेकांना वाटतात!

सणाच्या दिवशी गावच्या पुरुषांबरोबर रिवाजाप्रमाणे नदीत नाचताना बाबांचा पाय कापला, आणि तू रोज त्याच पाण्याने जखम धुतेस. दोन अँटिबायोटिक्स झाली, सूज तशीच. पाण्यामुळेच, असं मी शपथेवर नाही सांगू शकत. लॅबच्या मॅडम म्हणतात, "इस्क्रा, मस्त रिझल्ट, पेपर लिही!" पेपरने बाबांचा पाय बरा होणारे का? वरच्या गावातल्या हॉस्पिटलचं नदीत सोडलेलं सांडपाणी मी कसं थांबवू?

प्लीज, डॉक्टरांना जखमेची टेस्ट करायला सांग. बाबा जेवतात ना नीट? सणाच्या पाण्याची बाटली संपेपर्यंत दुसरं पाणी पायाला लावू देणार नाही म्हणतात, हट्टी कुठले.

तुझीच,
इस्क्रा

ता.क. त्यांच्या नकळत त्या बाटलीत नळाचं उकळलेलं पाणी भरलंस तर पाप लागेल का गं? तुला काय वाटतं?