राहिलेला विषय

२ मार्च
नव्या पोरींनी आज तोंडावर ‘आजी’ म्हटलं. गोलकीपर मागे उभी राहून दात काढत होती — नाव तिनेच पसरवलंय. म्हणू देत. माझ्याएवढं जुनं संघात आता कोणी नाही. बरोबरच्या सगळ्या पास होऊन गेल्या. एक बँकेत चिकटली, एक सासरी गेली, एकीचा पत्ता नाही. बॉलला पाय मात्र एकीनेही पुन्हा लावला नाही.

संघाचा नियम सरळ आहे. विद्यापीठाच्या पटावर नाव असेल तोवर खेळायचं. पदवी मिळाली की जर्सी परत. बाहेर मुलींचा दुसरा संघ नाही. म्हणून मी एक विषय राखून ठेवलाय — संख्याशास्त्र. तो राहिला की मीही राहते.

हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

९ मार्च
सराव चांगला झाला. गुडघा सोलवटला, पण छान वाटतंय.

बचावात सगळ्यात मागे मी. पुढचं सगळं मैदान मला दिसतं, त्यामुळे ओरडायचं काम माझं. ‘डावीकडे! सोड तिला! मागे ये!’ घरी मी मीठ मागितलं तरी कोणाला ऐकू जात नाही. इथे माझ्या एका हाकेवर दहा जणी पळतात. हे सोडून मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसायचं? दादाने तिथे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. पदवी आली की लगेच रुजू.

१५ मार्च
आईचे हात पुन्हा सुजलेत. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात दिवसभर गरम पाणी आणि सोडा, दुसरं काय होणार? मी मलम लावत होते, तेवढ्यात दादा सुरू झाला. ‘तिसऱ्यांदा बसतेय त्याच पेपरला. पालथ्या घड्यावर पाणी.’

आई म्हणाली, ‘तिला बोलू नकोस. डोकं माझं आलंय तिला. तिचा काय दोष?’

मी मलमाच्या डबीचं झाकण लावत बसले. ते लागेचना. आज स्वतःची फार लाज वाटली. पेपर नीट लिहून टाकावा असं वाटलं.

१६ मार्च
सरावाला गेले. नाही लिहिणार.

२४ मार्च
उजव्या बाजूने खेळणारी छोटी परीक्षेला घाबरलीय. मैदानाच्या पायरीवर बसून तिला संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन समजावलं. अर्ध्या तासात तिच्या डोक्यात उजेड पडला. म्हणते कशी, ‘आजी, तू एवढं छान शिकवतेस, मग तू कशी काय नापास होतेस?’

गोलकीपरने माझ्याकडे पाहिलं. मग हातमोजे काढत बसली. तिला कळलंय. कधीपासून, कोण जाणे.

३ एप्रिल
पेपर झाला.

आधी दोन्ही वेळा कोराच देऊन आले होते. या वेळी पहिला प्रश्न पाहिला आणि हात शिवशिवले. दोन वर्षांत एवढा पाठ झालाय की न लिहिणं जड जातं! लिहीत गेले. पास व्हायला थोडेसेच कमी पडतील अशा ठिकाणी येऊन पेन ठेवलं. विषय पक्का असल्याशिवाय एवढं नेमकं नापास होता येत नाही.

उरलेला वेळ भिंतीकडे बघत काढला. पर्यवेक्षक बाई दोनदा येऊन म्हणाल्या, ‘प्रयत्न तरी कर.’

४ एप्रिल
‘कसा गेला?’ आईने विचारलं. अवघड होता, म्हटलं.

१८ एप्रिल
जिंकलो. एक शून्य. शेवटी त्यांची जाडी एकटीच बॉल घेऊन आली, गोलकीपर खाली पडलेली, मध्ये फक्त मी. घेतला काढून! सगळ्या माझ्या अंगावर येऊन पडल्या.

आमच्या प्रशिक्षक मॅडमनी बाजूला बोलावलं. ‘पुढच्या वर्षी आहेस ना? असशील तर कर्णधार तूच.’ मी म्हटलं, ‘आहे.’

१० मे
पास झाले.

पुन्हा पाहिलं. पासच. खाली बारीक अक्षरात — खेळाडूंचे वाढीव गुण धरून. विद्यापीठाकडून खेळणाऱ्यांना ते मिळतात, पण प्रशिक्षकांनी शिफारस करावी लागते. मी मॅडमना कधीच म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा हो-हो करून मुदत जाऊ दिली. या वेळी त्यांनी आपणहून पाठवली आणि ते गुण पुरले. कोरा दिला असता तर पुरले नसते. माझी हुशारी मलाच नडली.

मी रडले. घरात सगळ्यांना वाटलं, आनंदाने. दादाने पाठीवर थाप मारली, ‘सुटलीस बाई!’ आई शेजारी सांगायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

११ मे
जर्सी धुऊन, इस्त्री करून परत दिली. मॅडमवर आवाज चढला माझा. ‘कोणी सांगितलं होतं तुम्हाला?’ त्या चिडल्या नाहीत. जर्सीची घडी हातात धरून म्हणाल्या, ‘मला नाही म्हणवेना. कोणाला, ते घरी विचार.’

१२ मे
आईनेच सांगितलं. गेल्या महिनाअखेरीला अर्धी रजा टाकून ती मॅडमकडे गेली होती. ‘म्हटलं, पोरगी मर मर मरते, काही होत असेल तर बघा. त्या म्हणाल्या, आलाच आहात तर तिचा खेळ बघून जा. कुंपणापाशी उभी राहून बघितला. मला माहीतच नव्हतं गं, तू एवढी छान खेळतेस.’

मग म्हणाली, ‘पुढची मॅच कधी आहे? आधी सांग, म्हणजे रजा टाकते.’

सांगते, म्हटलं.